गोव्यात कुटुंबासाठी पहिला मेटल डिटेक्टर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिलं यंत्र निवडताना सगळ्यात आधी काय पाहावं?

जमीन पाहावी. किंमत, खोली आणि पडद्यावरचे आकडे त्यानंतर. गोव्यात दोन प्रकारची जमीन यंत्राला त्रास देते. पहिली म्हणजे किनाऱ्यावरची, खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू. मीठ विरघळलेल्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे यंत्राला ती अख्खी वाळूच पातळ धातूच्या पत्र्यासारखी भासते. दुसरी म्हणजे जांभ्याची तांबडी माती. तिच्यात लोहाची ऑक्साइडं इतकी असतात की खाली काहीच नसताना यंत्र कुरकुरत राहतं. उत्तर भारतातल्या शेतात किंवा युरोपातल्या कुरणात उत्तम चालणारं यंत्र कळंगुटच्या ओल्या वाळूत नुसता गोंगाट करू शकतं. म्हणून दुकानदाराला "किती फूट खोल जातं?" असं विचारू नका. "ओल्या खाऱ्या वाळूत शांत राहतं का?" असं विचारा.

हे यंत्र नेमकं करतं काय?

दांड्याच्या टोकाला जी चपटी थाळी असते ती कॉइल. तिच्यातल्या तारेतून उलटसुलट वाहणारा प्रवाह चुंबकीय क्षेत्र तयार करतो. ते क्षेत्र जमिनीतल्या धातूत छोटे भोवरी प्रवाह उठवतं. त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र परत येतं आणि कॉइलमधली दुसरी तार ते पकडते. परतीचा प्रतिसाद किती उशिराने आणि किती जोरात आला, यावरून यंत्र अंदाज बांधतं आणि पडद्यावर एक आकडा दाखवतं. तो अंदाजच असतो. वस्तूचा आकार, जाडी, जमिनीत ती कशी पडली आहे आणि शेजारी दुसरा धातू आहे का, या सगळ्याने आकडा बदलतो. सोन्याची अंगठी, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद आणि शीतपेयाच्या डब्याची ओढायची कडी हे तिन्ही बऱ्याच यंत्रांवर एकाच पट्ट्यात येतात. त्यामुळे सोनं हवं असेल तर कचराही उकरावा लागतो. त्याला पर्याय नाही.

एकच फ्रिक्वेन्सी, मल्टी-फ्रिक्वेन्सी आणि पल्स इंडक्शन यांतलं काय घ्यावं?

गोव्यातल्या कुटुंबाने मल्टी-फ्रिक्वेन्सी घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे. फ्रिक्वेन्सी म्हणजे कॉइलमधला प्रवाह सेकंदाला किती वेळा उलटसुलट होतो तो आकडा. अशी यंत्रं एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर काम करतात. प्रत्येक फ्रिक्वेन्सीवरचा प्रतिसाद ताडून पाहिला की मिठाचा भाग वेगळा काढता येतो, आणि म्हणूनच ती ओल्या वाळूत शांत राहतात.

एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारी यंत्रं स्वस्त असतात. कोरड्या वाळूत, पोरसात किंवा मैदानात ती व्यवस्थित चालतात. कमी फ्रिक्वेन्सी, म्हणजे साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झ, चांदीच्या आणि तांब्याच्या मोठ्या वस्तूंना बरी. १५ किलोहर्ट्झच्या पुढे गेलं की बारीक सोनं चांगलं सापडतं, पण मीठ आणि जांभाही जास्त बोलू लागतात. ओल्या वाळूत अशा यंत्राची संवेदनशीलता इतकी उतरवावी लागते की वीतभर खोल जाणारं यंत्र चार बोटांवर येऊन थांबतं.

पल्स इंडक्शन यंत्रांना, म्हणजे प्रवाहाचे सुटे झटके सोडणाऱ्या यंत्रांना, मिठाचं वावडं नाही आणि ती खोलही जातात. मात्र लोखंड आणि सोनं यांत त्यांना जवळजवळ फरक करता येत नाही. ज्या किनाऱ्यावर होड्यांचे खिळे, छत्र्यांच्या सळ्या आणि बाटल्यांची बुचं पडलेली असतात तिथे प्रत्येक खिळा उकरून लहान मुलं अर्ध्या तासात कंटाळतात.

कोणती मॉडेलं पाहावीत?

नवशिक्या कुटुंबासाठी चार नावं आधी पाहण्यासारखी आहेत. मिनलॅबची व्हॅन्क्विश मालिका हलकी आहे, मल्टी-फ्रिक्वेन्सी आहे आणि सुरू केल्याबरोबर चालते. तिची कॉइल एक मीटरपर्यंत पाण्यात चालते, पण वरचा पडद्याचा भाग पाण्यात बुडवून चालत नाही. घोटाभर लाटेत एखाद्या मुलाच्या हातून यंत्र निसटलं तर तेवढ्यावरच ते संपू शकतं. नोक्ता कंपनीचं स्कोअर पूर्ण जलरोधक आणि मल्टी-फ्रिक्वेन्सी आहे. त्याच कंपनीचं लेजंड एक पायरी वरचं, तेही मल्टी-फ्रिक्वेन्सी आणि तीन मीटरपर्यंत जलरोधक. मिनलॅबचं इक्विनॉक्स त्याच वर्गातलं आहे. छंद टिकणार याची खात्री असेल तर ते एकदाच घेणं परवडतं.

नोक्ता सिम्प्लेक्स अल्ट्रा १५ किलोहर्ट्झच्या एकाच फ्रिक्वेन्सीचं आहे. ते जलरोधक आहे, म्हणून पुष्कळजण किनाऱ्यासाठी घेतात. जलरोधक असणं आणि खाऱ्या वाळूत शांत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नदीत, तळ्यात, मैदानात ते छान. भरतीरेषेच्या खाली त्याला सांभाळून घ्यावं लागतं. गॅरेट एस (ACE) ३०० हे ८ किलोहर्ट्झचं आहे आणि त्याचं जमिनीशी जुळवणं कारखान्यातच ठरलेलं असतं. म्हणजे जांभ्याच्या जमिनीत तुम्हाला ते हाताने जुळवून घेता येत नाही. गोव्यासाठी ही मोठी उणीव आहे.

जाहिरातीतली खोली खरी असते का?

रुपयाएवढं नाणं साधारण कॉइलच्या व्यासाइतक्या खोलीवर सापडतं, असं धरून चाला. २८ सेंटिमीटरची कॉइल असेल तर चांगल्या कोरड्या वाळूत २० ते २५ सेंटिमीटर, जांभ्यात त्याच्या निम्मं. "तीन मीटर खोल" असं लिहिलेलं असेल तर ते एखाद्या पिंपाएवढ्या वस्तूविषयी असतं. किनाऱ्यावर लोकांच्या हातातून परवा-तेरवा पडलेल्या वस्तू वरच्या वीतभर वाळूतच असतात, त्यामुळे खोलीसाठी जादा पैसे मोजणं व्यर्थ आहे.

कॉइल डबल-डी प्रकारची घ्या. तिचा शोधणारा पट्टा अरुंद असतो, म्हणून लोहयुक्त जमिनीचा त्रास कमी होतो आणि शेजारशेजारच्या दोन वस्तू वेगळ्या कळतात.

लांबून सोनं दाखवणारी यंत्रं आणि मोबाइलमधली अ‍ॅप यांचं काय?

दोन पितळी कांड्या किंवा फिरणारी अँटेना असलेलं आणि "एक किलोमीटरवरचं सोनं दाखवतो" म्हणणारं यंत्र ही उघड फसवणूक आहे. असं काम करणारं कोणतंही तंत्र अस्तित्वात नाही. अशा यंत्रांसाठी लोकांनी दागिने गहाण टाकल्याची उदाहरणं आपल्या भागात ऐकू येतात, म्हणून हे स्पष्ट लिहिणं भाग आहे. मोबाइलमधलं अ‍ॅप फोनच्या होकायंत्राचा सेन्सर वापरतं. त्याला जवळचं लोखंड कळतं. सोनं, चांदी, तांबं कळत नाही.

ऑनलाइन मिळणारी एमडी-४०३० किंवा एमडी-३०१० II यांसारखी स्वस्त यंत्रं धातू शोधतात हे खरं, पण ओल्या वाळूत ती निरुपयोगी ठरतात आणि त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. नामांकित कंपन्यांच्या हुबेहूब नकलाही बाजारात आहेत. त्यामुळे जीएसटीचं बिल, अनुक्रमांक आणि वॉरंटी भारतात कोण सांभाळणार याचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. परदेशातून नातेवाइकाकडून मागवलंत तर सीमाशुल्क धरून हिशेब करा, आणि त्या देशातली वॉरंटी इथे चालते का तेही विचारा.

मुलांसाठी वेगळं यंत्र घ्यावं का?

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सव्वा किलोचं यंत्र वीस मिनिटांच्या वर झेपत नाही. वजनापेक्षा तोल जास्त महत्त्वाचा. दांडा पुरेसा आखूड होतो का आणि कोपराखालचा पट्टा मुलाच्या हाताला घट्ट बसतो का, हे दुकानातच पाहा. मूल ताठ उभं असताना कॉइल त्याच्या पायाच्या बोटांपुढे फूटभर अंतरावर आणि जमिनीपासून दोन बोटं वर राहिली पाहिजे. वाकावं लागत असेल तर दांडा आखूड आहे. कॉइल पायापासून फार लांब जात असेल तर तो लांब आहे. नोक्ताचं मिनी होर्ड मुद्दाम मुलांसाठी बनवलेलं आहे. कोरड्या वाळूत ते चांगलं चालतं.

पण बहुतेक घरांत एक चांगलं यंत्र आणि एक पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात घालून नेमकी जागा दाखवणारी हातातली कांडी, हाच जास्त चांगला मेळ ठरतो. एकाने यंत्र फिरवायचं, दुसऱ्याने पिनपॉइंटरने शोधायचं, तिसऱ्याने चाळायचं. दर पंधरा मिनिटांनी काम बदलायचं. सगळ्यांना हात घालायला मिळतो आणि कुणाचा खांदा दुखत नाही.

यंत्र १ आणि २ रुपयांची नाणी का सोडून देतं?

कारण हल्लीची ही नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची असतात. त्यांना चुंबक चिकटतं. यंत्रावर "लोखंड नको" अशी निवड केली असेल तर ती नाणी खिळ्यांबरोबरच गाळली जातात किंवा उड्या मारणारा आकडा दाखवतात. पितळी रंगाचं ५ रुपयांचं नाणं आणि दोन धातूंचं १० रुपयांचं नाणं मात्र स्वच्छ आवाज देतात. कुप्रोनिकेलचं जुनं, जाड ५ रुपयांचं नाणंही. परदेशी व्हिडिओंमधले आकड्यांचे तक्ते पाहून कुणीच विश्वास ठेवू नये. तिथली नाणी वेगळी.

मग आपला तक्ता कसा करायचा?

घरी, किनाऱ्यावर जायच्या आदल्या दिवशी. लाकडी टेबलावर (खिळे नसलेल्या) यंत्र आडवं ठेवा, हातातलं घड्याळ आणि अंगठी काढा, मोबाइल दूर ठेवा. मग एकेक वस्तू कॉइलसमोरून १० सेंटिमीटरवरून हलवा: १, २, ५, १० रुपये, सोन्याची अंगठी, बारीक कानातलं, साखळी, चांदीची जोडवी, पैंजण, बिअरच्या बाटलीचं बूच, डब्याची कडी, चंदेरी कागद, खिळा, गळाचं शिसं. प्रत्येकाचा आकडा वहीत लिहा. हे काम मुलांकडे द्या. ती ते मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे करतात.

दोन गोष्टी लगेच दिसतील. बारीक सोनसाखळी जवळजवळ गप्प राहते. प्रत्येक कडी सुटी आणि चिमुकली असल्याने तिच्यात मोठा भोवरी प्रवाह उठतच नाही. बोलतो तो तिचा फासा किंवा पदक. आणि बाटलीचं बूच लोखंडाचं असूनही नाण्यासारखं गोड वाजतं. बूच ओळखायची एक युक्ती आहे. आवाज आलेल्या जागेवरून कॉइल हळूहळू मागे ओढा, म्हणजे वस्तू कॉइलच्या पुढच्या कडेखाली येईल. नाण्याचा आवाज स्वच्छ राहतो. बुचाचा खाली घसरतो आणि खरखरतो. दहापैकी दहा वेळा नाही, पण बरीच बुचं उकरायचे कष्ट यातून वाचतात.

किनाऱ्यावर पहिल्या दिवशी कोणत्या सेटिंग्ज ठेवाव्यात?

"बीच" मोड निवडा. संवेदनशीलता पूर्ण ठेवू नका, दोन-तृतीयांशावरून सुरुवात करा. यंत्राला जमिनीशी जुळवायचं बटण असेल तर धातू नसलेली जागा पाहा, बटण दाबून कॉइल जमिनीपासून दोन बोटांपासून वीतभर उंचीपर्यंत वरखाली करा आणि आवाज शांत होईपर्यंत करत राहा. कोरड्या वाळूतून ओल्यात गेलात की हे पुन्हा करा. काळ्या रेघांची जड वाळू लागली की पुन्हा. लाट कॉइलखालून मागे सरकताना येणारा आवाज खोटा असतो, त्या क्षणाला हात थांबवा.

कॉइल झाडूसारखी उचलत फिरवू नका, जमिनीला समांतर ठेवा. एक फेरी साधारण तीन सेकंदांची. पुढची फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढली पाहिजे, कारण खोलवर शोधाचा पट्टा कॉइलपेक्षा बराच अरुंद होतो. हेडफोन जरूर लावा. दर्याच्या आवाजात मंद सूर ऐकूच येत नाहीत.

यंत्र विनाकारण बडबडत असेल तर क्रमाने पाहा. कॉइलची तार दांड्याला घट्ट गुंडाळलेली आहे का? सैल तार हलली की खोटा आवाज येतो. कॉइलच्या प्लास्टिक झाकणात वाळू शिरली आहे का? जवळ शॅकचे दिवे, विजेच्या तारा, खिशात मोबाइल आहे का? यानंतरच संवेदनशीलता उतरवा. घरात दोन यंत्रं असतील तर ती एकमेकांपासून आठ-दहा मीटर दूर ठेवा; एकाच मॉडेलची असतील तर फ्रिक्वेन्सी किंचित सरकवायची सोय वापरा.

आणखी काय काय लागतं?

भोकं असलेला स्टीलचा फावडा, म्हणजे सँड स्कूप. भोकं दहा-बारा मिलिमीटरची असली की वाळू भरभर गळते, पण कानातलंही गळतं. सात-आठ मिलिमीटरची भोकं घरच्यांसाठी बरी. जाड हातमोजे आणि बूट हवेत, कारण वाळूत फुटक्या काचा आणि सुया असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असावं. कचऱ्यासाठी आणि सापडलेल्या वस्तूंसाठी दोन वेगळ्या पिशव्या ठेवा. गळाचं शिसं मुलांनी हाताळलं तर खाण्याआधी हात साबणाने धुवायला लावा. खड्डा लगेच बुजवा. पहाटे चालायला येणाऱ्या म्हाताऱ्यांचा पाय त्यात मुरगळतो.

कधी जावं?

पहाटे, ओहोटीच्या आधी तासभर पोचून ओहोटी संपेपर्यंत. मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहा. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत दूर ओसरतं. पावसाळ्यात लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि ऑक्टोबरपासून ती हळूहळू परत चढते, म्हणून पाऊस सरतानाचे आठवडे सर्वांत चांगले: वरचा थर गेलेला असतो. पण जून ते सप्टेंबर दर्या खवळलेला असतो. पाण्यात उतरायचं नाही आणि जीवरक्षकांनी लावलेल्या लाल बावट्यापलीकडे जायचं नाही.

किनाऱ्यावर कुणाचं मंगळसूत्र किंवा अंगठी हरवली तर कसं शोधावं?

हे या छंदातलं सर्वांत चांगलं काम आहे आणि घाई केली तर सर्वांत सहज बिघडणारंही. आधी लोकांना वाळू हातांनी उपसू देऊ नका. वस्तू आणखी खाली जाते. हरवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: शेवटची नक्की कधी पाहिली, तेव्हा पाणी कुठवर होतं, आणि त्या वेळचा फोटो आहे का? फोटोतल्या माडावरून, शॅकच्या खांबावरून जागा पुष्कळ अचूक मिळते.

मग दोरीने पाच बाय पाच मीटरचा चौकोन आखा. आधी सगळे पट्टे उत्तर-दक्षिण, मग तेच पूर्व-पश्चिम. कोणताही धातू गाळू नका, संवेदनशीलता आवाज स्थिर राहील इतकी ठेवा. अंगठी मधल्या पट्ट्यात नीट बोलते. मंगळसूत्राच्या वाट्या बोलतात, पोत गप्प राहते. म्हणून तुटक, बारीक आवाजही उकरा. चौकोन रिकामा निघाला तर लाटेच्या दिशेने खालचा चौकोन आखा. ओल्या वाळूत जड सोनं प्रत्येक लाटेबरोबर खाली रुतत जातं, त्यामुळे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या ओहोटीला शोधलं तरच आशा मोठी असते.

सापडलेली वस्तू आपली होते का?

नाही. कुणाची तरी हरवलेली वस्तू अप्रामाणिकपणे ठेवून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे. अंगठी, साखळी, फोन असं काही सापडलं तर जवळच्या पोलीस स्थानकात जमा करून पोच घ्या.

जमिनीत पुरलेल्या मौल्यवान वस्तूंना १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम लागू होतो. दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर काय, किती, कुठे आणि कधी सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर किंवा अधिक वर्षं जुन्या नाण्यांना आणि मूर्तींना १९७२ चा पुरावशेषांचा कायदाही लागतो. पोर्तुगीज काळातलं प्रत्येक नाणं मात्र पुरावशेष नसतं: १९५८ पासून आलेली सेन्ताव्हू आणि एस्कुदूची नाणी शंभरीच्या आतली आहेत. त्याआधीची रुपिया, तांगा ही जरा जास्त काळजीची. जुनं काही दिसलं तर पुसू नका, घासू नका, जागेवरून हलवण्याआधी फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. सत्तरीत २०२५ मध्ये एका शेतकऱ्याला आपल्या बागेत पोर्तुगीजकालीन तांब्याच्या नाण्यांचा घडा सापडला आणि तो सरकारकडे पोचला. रीत तीच.

कुठे यंत्र सुरूसुद्धा करू नये?

जुने गोवे. तिथली चर्चेस आणि मठ १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तसंच तांबडी सुर्ल्याचं महादेव मंदिर, चांदरची पुरातन जागा, आग्वादसारखे किल्ले. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. राज्याच्या संरक्षित जागांचा कायदा वेगळा आहे. किल्ल्याच्या पायथ्याची "मोकळी" वाटणारी जागाही टाळा. मातीतली वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती हीच तिची माहिती. एकदा उकरली की ती कायमची जाते.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर सागरी कासवं अंडी घालतात. घरटं वाळूत जेमतेम हातभर खोल असतं. नोव्हेंबर ते मे या काळात तिथे खणू नका, वनखात्याचं कुंपण असो वा नसो. नौदलाच्या हद्दीजवळ यंत्र घेऊन फिरू नका. देवस्थानाची, कोमुनिदादची किंवा भाटकाराची जमीन असेल तर लेखी परवानगी घ्या. कूळ किंवा मुंडकार राहत असेल तर त्यालाही विचारा. नवीन किनाऱ्यावर जाण्याआधी स्थानिक पोलीस स्थानकात आणि पंचायतीत विचारून ठेवलं की पुढचे वाद टळतात. तोफगोळ्यासारखं किंवा दारूगोळ्यासारखं काही लागलं तर हात न लावता मुलांना दूर न्या आणि ११२ वर कळवा.

मीठ आणि पावसाळ्यात यंत्र कसं जपावं?

किनाऱ्यावरून आल्याआल्या कॉइल आणि खालचा दांडा गोड्या पाण्याने धुवा. वरचा भाग जलरोधक नसेल तर ओल्या फडक्याने पुसा. कॉइलचं झाकण महिन्यातून एकदा काढून आतली वाळू काढा. काळी वाळू आत राहिली की यंत्र दिवसभर कुरकुरतं. दांड्याची जोडणी सोडवून वाळवा, नाहीतर मीठ आणि वाळू बसून दांडे एकमेकांत अडकतात. कॉइलचा प्लास्टिकचा बोल्ट हातानेच आवळा, पक्कड लावली की कान तुटतो.

एए सेल वापरणाऱ्या यंत्रात निकेल-मेटल-हायड्राइडचे चार्ज होणारे सेल चालतात. पावसाळ्यात यंत्र आठवडाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. दमट हवेत त्यांचा पाझर संपर्कपट्ट्यांवर हिरवी बुरशी धरतो आणि दुरुस्तीला तेच सर्वांत जास्त वेळा लागतं. आत बसवलेली बॅटरी असेल तर ती साधारण अर्धी चार्ज करून ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. यंत्र पिशवीत बंद करू नका. सिलिका जेलच्या पुड्यांसह कपाटात उभं ठेवा, आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला.